बद्रीनाथला पहिल्यांदा निघालात? दोन रात्री राहा

बद्रीनाथहून परतलेल्या माणसाला विचारा, "कसं झालं दर्शन?" तो रस्ता सांगतो, रांग सांगतो, थंडी सांगतो, डोकं कसं ठणकत होतं ते सांगतो. मूर्ती कशी होती म्हटलं की जरा अडखळतो. त्याचा दोष नसतो. दुपारी चारला पोचला, तसाच रांगेत उभा राहिला, रात्री कुडकुडला आणि सकाळी सहाला गाडीत बसला. माझी पहिली खेप अशीच झाली. ऋषिकेशहून पहाटे निघून एका दमात वर गेलो. संध्याकाळी चहाचा ग्लास हातात धरून बसलो होतो, पण घोट खाली उतरेना. रात्र पलंगाला टेकून बसून काढली. दर्शन झालं खरं, पण त्यातलं आठवतं ते एवढंच की पुढच्या माणसाच्या पाठीवरची लाल पिशवी सारखी डोळ्यांपुढे होती.

दुसऱ्या वेळी दोन रात्री राहिलो, तेव्हा ते गाव कळलं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना एकच आग्रह: बाकी काहीही कापा, बद्रीनाथची दुसरी रात्र कापू नका. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलंय.

१. आधी उंची समजून घ्या

बद्रीनाथ उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, अलकनंदेच्या काठी, सुमारे ३,१०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली की साधारण तिथवर पोचतो. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ तीस टक्के कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे जेवणातली डाळ थोडी कचकचीत लागली तर आचाऱ्यावर डाफरू नका.

शरीराला ही हवा अंगवळणी पडायला वेळ लागतो. तरुण, व्यायाम करणारा, रोज पाच किलोमीटर धावणारा, कुणालाही यातून सूट नाही. उलट असे लोकच घाई करतात आणि आधी आडवे होतात. रक्तदाब, हृदय, दमा, मधुमेह यांपैकी काही असेल, किंवा गरोदर बाई बरोबर असेल, तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. "चारधामला जातोय" एवढंच सांगितलं तर डॉक्टर "जाऊन या" म्हणतील. "३,१०० मीटरवर दोन रात्री" म्हटलं की नीट बघतील. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनीच ठरवावं. गाडीतल्या शेजाऱ्याकडची गोळी घेऊ नका.

२. तारीख

मंदिर वर्षातले जेमतेम सहा महिने उघडं असतं. उघडण्याचा मुहूर्त वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या टिहरी राजवाड्यात जाहीर होतो, बंद होण्याचा विजयादशमीला. २०२४ साली दारं १२ मे रोजी उघडली आणि १७ नोव्हेंबरला मिटली. दरवर्षी थोडं मागेपुढे होतं. त्यामुळे वसंत पंचमीच्या आधी तिकिटं काढून मोकळे होणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी.

आपल्याकडची सगळी कुटुंबं मे महिन्यात निघतात, कारण मुलांना सुट्टी असते. अख्ख्या देशातल्या मुलांना तेव्हाच सुट्टी असते. मे-जूनमध्ये रांगा लांब, खोल्या भरलेल्या, रस्ता तुंबलेला. जुलै-ऑगस्टला गर्दी ओसरते, पण दरडी कोसळतात. एकदा रस्ता बंद झाला की उघडेपर्यंत जिथे असाल तिथेच. जमत असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य निवडा. आकाश धुतल्यासारखं असतं आणि पहाटे मंदिरामागे नीलकंठ शिखर दिसण्याची शक्यता जास्त. थंडी मात्र मे महिन्यापेक्षा कडक.

गणपतीच्या दिवसांत जाणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या. भाद्रपद शुद्ध द्वादशीला, म्हणजे वामन द्वादशीला, देव आईला भेटायला माता मूर्तीच्या मंदिरात जातात आणि मुख्य मंदिर काही तास बंद असतं. तेवढ्यासाठीच गेलात तर सोहळा बघण्यासारखा. ठाऊक नसताना गेलात तर बंद दारापुढे उभे राहाल.

३. नोंदणी

उत्तराखंड सरकारच्या पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा 'टुरिस्ट केअर उत्तराखंड' अ‍ॅपवर प्रत्येक यात्रेकरूची नोंदणी करावी लागते. आधारकार्ड लागतं, क्यूआर कोड मिळतो, तो वाटेत तपासतात. कोडची कागदी प्रत जवळ ठेवा. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते आणि नेमका तपासनाक्यावर फोन मान टाकतो. हरिद्वार-ऋषिकेशला प्रत्यक्ष नोंदणीच्या खिडक्याही असतात, पण हंगामात त्यांच्या भरवशावर घरून निघू नका.

४. रस्ता दोन टप्प्यांत

ऋषिकेश ते बद्रीनाथ साधारण २९५ किलोमीटर. गाडीवाला म्हणेल, "एका दिवसात पोचवतो." पोचवेलही. तुम्ही नाही म्हणा.

पहिल्या दिवशी जोशीमठपर्यंत जा, फार उशीर झाला तर अलीकडे पीपलकोटीला थांबा. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि नंदप्रयाग लागतात. देवप्रयागला तरी उतरा. गढूळ आणि हिरवट असे दोन प्रवाह एकमेकांत मिसळताना स्पष्ट दिसतात, आणि तिथून पुढे नदीला गंगा म्हणतात. पहाडातल्या रस्त्यांवर रात्री वाहतूक बंद ठेवतात, हे धरूनच वेळ आखा.

जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर आहे. २०२४ पासून त्याचं सरकारी नाव ज्योतिर्मठ, पण गाडीवाले अजून जोशीमठच म्हणतात. इथली रात्र ही शरीराची मधली पायरी. २०२३ च्या जानेवारीत जमीन खचून इथल्या शेकडो घरांना तडे गेले. मुक्काम ठरवताना इमारत कशी आहे ते विचारायला संकोच करू नका.

संध्याकाळी नृसिंह मंदिरात जाऊन या. हिवाळ्यात शंकराचार्यांची गादी इथे येते. मूर्तीचं एक मनगट बारीक आहे आणि ते दिवसेंदिवस बारीक होत चाललंय अशी श्रद्धा. ज्या दिवशी ते तुटेल त्या दिवशी बद्रीनाथच्या दोन बाजूंचे नर आणि नारायण पर्वत एकमेकांना भिडतील, बद्रीनाथची वाट बंद होईल आणि पूजा जोशीमठच्या बाजूला असलेल्या भविष्यबद्रीच्या देवळात सुरू होईल, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दरडींच्या खुणा बघताना ही गोष्ट आठवते आणि ती रचणाऱ्याला हा डोंगर किती ठाऊक होता याचं नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा. शेवटचे ४५ किलोमीटर विष्णुप्रयाग, पांडुकेश्वर, हनुमानचट्टी असे चढत जातात. पांडुकेश्वरला योगध्यानबद्रीचं जुनं दगडी मंदिर आहे, हिवाळ्यात बद्रीनाथच्या गाभाऱ्यातल्या उद्धव आणि कुबेरांच्या मूर्ती तिथे मुक्कामाला असतात. अर्धा तास काढा. शेवटच्या वळणांवर देवदर्शनी नावाची जागा येते, तिथून बद्रीपुरी पहिल्यांदा नजरेत भरते. गाडीत सगळे एकदम "जय बद्रीविशाल" म्हणतात. गावातही नमस्काराऐवजी हेच शब्द ऐकाल.

५. पोचल्यावरचे पहिले तास

दुपारच्या आत पोचलात की मन म्हणतं, चला, रांग लावून टाकू. इथेच चुकतं.

खोलीत जा. गरम काहीतरी प्या, वरणभात किंवा खिचडीसारखं हलकं जेवा आणि पडून राहा, पण गाढ झोपू नका. सामान स्वतः ओढत जिने चढू नका. चारच्या सुमाराला बाहेर पडा आणि अलकनंदेवरच्या पुलापर्यंत सावकाश चालत जा. पलीकडे मंदिराचं रंगीत सिंहद्वार दिसतं. आज ते लांबूनच बघा. चालताना बोलता येतंय ना, एवढीच परीक्षा. वाक्य पुरं करायला थांबावं लागत असेल तर वेग कमी करा.

आता आपल्या मराठी घरांतली एक सवय. दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही, काहींना पाणीसुद्धा चालत नाही. आई-मावशी मंडळींना हे सोडवत नाही. खाली गावात हा नेम ठीक. इथे मात्र कोरड्या थंड हवेत श्वासागणिक अंगातलं पाणी कमी होतं आणि तहान लागत नाही. उपाशीपोटी तीन तास रांगेत उभं राहिलेलं माणूस चक्कर येऊन पडतं, आणि मग रांगेतले लोक त्यालाच सावरत बसतात. मधुमेह असलेल्यांनी तर हा विचारही करू नये. माझ्या मावशीला मी सांगितलं, "नारायण इथे आईच्या मायेने बघतो म्हणतात, मग तुला उपाशी ठेवेल का?" शास्त्रार्थ कच्चा होता, पण तिने दोन बिस्किटं खाल्ली.

६. तप्तकुंड

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शनाला निघा. त्याआधी तप्तकुंडात स्नान करण्याची प्रथा आहे. मंदिराच्या पायथ्याशी, नदीच्या अगदी काठावर हा गरम पाण्याचा झरा आहे. बायकांसाठी वेगळी सोय आहे.

पाणी चांगलंच कढत असतं, आंघोळीच्या बादलीपेक्षा बरंच जास्त. उडी मारायची नाही. काठावर बसून आधी तांब्याने पायांवर घ्या, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर. आत उतरलात तरी दोन-तीन मिनिटं पुरे. बाहेर गार हवा आणि आत उकळतं पाणी यात रक्तदाब झपकन खाली येतो. माणसं भोवळ येऊन पडतात ती पाण्यात नाही, पाण्यातून उठताना पडतात. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी पाण्याचा हात डोळ्यांना लावावा, एवढं पुष्कळ झालं.

पंचा, कोरडे कपडे आणि कानटोपी एकाच पिशवीत वरच्यावर ठेवा. बाहेर आल्याबरोबर आधी डोकं पुसायचं, मग बाकीचं. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे जाड लोकरीच्या मोज्यांचा जास्तीचा जोड. कुंडाजवळची फरशी कायम ओली असते, चपला काढल्या की मोजे भिजतात, आणि भिजलेल्या मोज्यांनी मंदिराच्या दगडी अंगणात उभं राहिलं की थंडी टाचेतून थेट दाढेपर्यंत जाते. मी कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवतो आणि सिंहद्वाराच्या पायऱ्या चढल्यावर घालतो.

पलीकडे अलकनंदा वाहत असते. तिचं पाणी बर्फाचं आणि ओढ जबर. तिच्यात उतरू नका.

७. दर्शन

वर जाताना आधी आदिकेदारेश्वराचं छोटं शिवमंदिर लागतं. ही जागा मुळात शंकराची, नारायणाने बाळाचं रूप घेऊन रडून रडून ती मागून घेतली, अशी कथा आहे. म्हणून जागेच्या मूळ मालकाला आधी नमस्कार करायचा.

महाभिषेक पहाटे साडेचारच्या सुमाराला होतो. त्याला बसायचं असेल तर मंदिर समितीकडे आधी पूजा नोंदवावी लागते. सर्वसाधारण दर्शन त्यानंतर सुरू होतं. दुपारी एक ते चार मंदिर बंद असतं, रात्री नऊच्या सुमाराला शयन. वेळा थोड्या बदलतात, आदल्या संध्याकाळी फलक वाचून घ्या. रांगेसाठी टोकन देत असतील तर तेही तेव्हाच विचारा.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला दोन क्षण लागतात आणि तेवढ्यात मागून ढकलत असतात. म्हणून काय बघायचं ते आधीच ठाऊक असू द्या. मधोमध काळ्या शाळिग्रामाची, पद्मासनात बसलेली बद्रीनारायणाची मूर्ती. आपला विठोबा कटीवर हात ठेवून उभा, हा ध्यान लावून बसलेला. सोबत कुबेर, नारद, उद्धव, नर आणि नारायण. मूर्तीला फक्त रावळ स्पर्श करतात. हे मुख्य पुजारी केरळचे नंबुद्री ब्राह्मण असतात. हिमालयातल्या देवाचा पुजारी थेट केरळातला, ही परंपरा आदि शंकराचार्यांशी जोडली जाते. आपल्याला गाभाऱ्यात प्रवेश नाही. फोटो काढायला मनाई आहे.

बाहेर पडून लगेच चपलांकडे पळू नका. प्रदक्षिणेत लक्ष्मीचं मंदिर आहे. ती उन्हाळाभर बाहेर का बसते? कारण आत उद्धव असतात. ते कृष्णाचे, म्हणजे नारायणाचेच चुलतभाऊ, म्हणून नात्याने तिचे थोरले दीर लागतात. हिवाळ्यात दारं बंद होताना उद्धव पांडुकेश्वरला निघतात, तेव्हा रावळ तिच्या सखीचा वेश घेऊन तिला आत नारायणाशेजारी नेऊन बसवतात. मग माणा गावच्या कुमारिकांनी विणलेलं लोकरीचं कांबळं तुपात भिजवून देवाला पांघरतात आणि दिवा लावून दार मिटतं. हे ठाऊक झाल्यावर ते छोटं देऊळ वळसा घालून जाण्याची जागा राहत नाही.

प्रसादाला वनतुळशीची माळ, खडीसाखर आणि कच्ची चणाडाळ असते. माळेचा वास घरी पोचेपर्यंत टिकतो. शंख विकत घेतलात तर तो घरी जाऊन फुंका. बद्रीनाथला शंख वाजवत नाहीत.

सकाळी गर्दीत समाधान झालं नाही तर रात्री शयनाआधी पुन्हा जा. दुसऱ्या रात्रीचा खरा फायदा हाच. मला त्या वेळी रांग निम्मीही लागली नव्हती आणि आत गीतगोविंद म्हणत होते.

८. ब्रह्मकपाल आणि वही

मंदिराच्या उत्तरेला, नदीकाठी ब्रह्मकपाल. इथे पितरांना पिंड देतात. इथे पिंडदान झाल्यावर पुढे घरी श्राद्ध करायचं की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. तो वाद नदीकाठी सोडवत बसू नका, घरच्या गुरुजींना निघण्याआधीच विचारा. दक्षिणा विधीला बसण्याआधी ठरवा, स्पष्ट आणि सगळ्यांसमोर.

इथले तीर्थपुरोहित देवप्रयागचे. "कुठला जिल्हा, कुठलं गाव, आडनाव काय," असं विचारत कुणी आलं तर लगेच हाकलू नका. त्यांच्याकडे यजमानांच्या वह्या असतात आणि तुमच्या पणजोबांची नोंद त्यात सापडू शकते. आजोबा-पणजोबांची नावं, मूळ गाव आणि गोत्र कागदावर लिहून न्या. आमच्या घरचं कुणी सापडलं नाही. मागच्या पिढ्या बहुधा पंढरपूरच्या पुढे गेल्याच नसाव्यात. शेवटी आमचीच नावं लिहून आलो.

९. दुसऱ्या दिवसाची दुपार

अंग साथ देत असेल तर इथून तीन किलोमीटरवरच्या माणा गावी जा. भारताचं 'शेवटचं गाव' म्हणून त्याची ओळख होती, २०२३ साली पाटी बदलून 'पहिलं गाव' झाली. व्यासगुंफा, गणेशगुंफा आणि सरस्वतीच्या खळाळत्या प्रवाहावर आडवा पडलेला भला मोठा दगड, तोच भीमपूल. अंगणात बसून लोकर विणणाऱ्या भोटिया बायका दिसतील. फोटो काढण्याआधी विचारा, त्यांच्याकडून एखादी टोपी घेतलीत तर आणखी बरं.

वसुधारा धबधबा माण्याहून पाच किलोमीटर पुढे आहे. तो पहिल्याच खेपेत करायचा हट्ट नको. पायांत जोर नसेल तर माण्याऐवजी बामणी गावात उर्वशीच्या देवळापर्यंत फिरून या, तिथे गर्दी फारच कमी.

१०. डोकं दुखायला लागलं तर

थोडी डोकेदुखी, भूक मरणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या रात्री अनेकांना होतं. पाणी प्या, आराम करा, आणखी वर जाऊ नका. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य. दारू तशीही या गावात चालत नाही आणि मांसाहारही.

बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही. लगेच दवाखाना गाठा आणि खाली उतरायची तयारी करा. जोशीमठ हजारबाराशे मीटर खाली आहे आणि यावर खरा उपाय उतरणं हाच. पण रात्री रस्ता बंद असतो, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमाराला बरोबरच्या प्रत्येकाला नीट विचारा. "बरं आहे" या उत्तरावर थांबू नका, दहा पावलं सरळ रेषेत चालायला सांगा. ज्येष्ठ मंडळी चिडतात. चिडू द्या.

पिशवीत काय हवं

थर्मल, स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. एकच जाडजूड कोट नको, दुपारच्या उन्हात तो हातात धरून फिरावं लागतं. कानटोपी, हातमोजे, छोटी विजेरी, रोजची औषधं दोन दिवस जास्त, थर्मास. रोख रक्कम जोशीमठलाच काढून घ्या. परतीच्या गाडीचं आरक्षण एक दिवस हातचा राखून करा, दरड कोसळली की तो दिवस कामी येतो. नाहीच कोसळली, तर परतताना जोशीमठला थांबून भविष्यबद्रीची वाट विचारा.